दिव्याच्या शेडचा रंग

हे गेल्यानंतर त्यांच्या वाचनाच्या दिव्याची कापडी शेड माझ्याच हातून फाटली. मला अगदी तशीच, सायीसारख्या पिवळट रंगाची हवी होती. ती फाटकी शेड घेऊन मी मेन रोडवरच्या दिव्यांच्या दुकानात गेले. दुकानदार एकेक काढून दाखवत होता आणि मी "आमच्या यांच्या वाचायच्या दिव्याचा हा रंग नव्हे" म्हणत होते.

शेजारी सिन्नरकडच्या एक बाई नातीसाठी दिवा बघत होत्या. प्रत्येक दिव्याखाली आधी स्वतःचा तळहात धरून त्या उजेड पाहायच्या. माझी शेड त्यांनी न विचारताच उचलली आणि नखाने खालची दुमड उसवली. आत कापड पांढरंशुभ्र होतं.

"ताई, ही पांढरीच व्हती की! बल्बच्या धगीनं पिवळी झाली. असा रंग दुकानात नाय मिळायचा. किती वाचायचं हो माणूस तुमचं!"

"खूप," मी म्हणाले. यांच्याबद्दल बोलताना बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं.

"मग पांढरीच न्या. पण रोज लावत जा. नुसती झाकून ठेवाल, तर तशीच ऱ्हाईल."

आता रोज संध्याकाळी दिवा लावून मी त्यांच्या खुर्चीत वाचत बसते. शेड अजून पांढरीच आहे. मला घाई नाही.