ग्लुकोजचा पेला

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. ठाण्यात रक्त तपासायच्या खोलीत ती बाकावर माझ्या शेजारी होती. कळव्याहून एकटीच आलेली, सातवा महिना. आधीचं मूल भलतंच मोठं जन्मलं आणि गेलं, म्हणून डॉक्टरांनी मधुमेहासाठी रक्त तपासायला पाठवलेलं.

उपाशीपोटी सुई टोचून घेताना ती हूं की चूं करेना. कंपाउंडरने ग्लुकोजच्या पाण्याचा पेला दिला, तशी मात्र अवघडली. मी नको म्हणायच्या आत तिने अर्धं पाणी मी घरून आणलेल्या फुलपात्रात ओतलं.

"गोड एकटीनं नाही हो पिववत."

कंपाउंडर वैतागला. सगळा पेला एकटीनंच प्यायचा होता, तपासणी वाया गेली, उद्या पुन्हा उपाशी या, म्हणाला.

तिने मान डोलावली, पदर सारखा केला आणि मला विचारलं, "उद्या तुम्ही असाल ना?"