उशीखालची सुरी

माझ्या मुलाच्या खाकी चड्डीचा उजवा खिसा मी इतक्यांदा शिवलाय की त्यात मूळचं कापड कुठलं ते आता मलाच ओळखू येत नाही. तो शाळेतून आला की बाकीच्या आया डबा बघतात, पोळी संपवली की नाही. मी खिसा बघते. सुरी आहे ना, आणि तिच्यावर काही लागलेलं नाही ना, हे बघितलं की मग त्याचं तोंड बघते, मग श्वास सोडते.

सात वर्षांचा आहे. आणि सुरी घरातली नाही, त्याची स्वतःची आहे, जन्मल्यापासूनची.

तो झाला तेव्हा पाचवीच्या पूजेला सासूबाईंनी पाट्यावर ही सुरी ठेवली होती. पितळी मूठ, वीतभरसुद्धा नाही, पण पातं असं की सुपारी कापावी. माझ्या माहेरी विळा ठेवतात, इथे काशीला आमच्या घरात सुरी. पूजा झाली की ती बाळाच्या उशीखाली जाते, लेकराजवळ लोखंड असलं की वाईट काही बाधत नाही म्हणतात. मला तेव्हा बरंच वाटलं होतं. अठराव्या वर्षी लग्न होऊन इतक्या लांब आलेली, सातवी नापास, हिंदी येत नव्हती, गल्लीत एकटी गेले तर परत यायचा रस्ता सापडत नव्हता. कोणीतरी माझ्या बाळाची राखण करतंय ना, करू दे. वर्षभराचा झाल्यावर सुरी देवघराच्या फडताळात गेली, आणि मी विसरून गेले.

मग गेल्या वर्षी गच्चीवर माकडानं त्याच्या हातातली पोळी ओढली. पोळी गेली ती गेली, दंडावर नखं लागली, रक्त आलं. इंजेक्शनं झाली, जखम भरली, पण झोप काही भरून आली नाही. दचकून उठायचा, मला असा आवळून धरायचा की माझ्या मानेवर ओरखडे. सासूबाई म्हणाल्या, "त्याची सुरी काढ बघू." उशीखाली ठेवली, आणि खरं सांगते, त्याच रात्री झोपला. मी देवाला साखर ठेवली.

पंधरवड्याच्या आत धुवायला घेतलेल्या चड्डीचा खिसा फाटका निघाला. दुसऱ्या चड्डीचापण. तिसऱ्या दिवशी शाळेला निघताना मी खिशात हात घातला तर ती पितळी मूठ हाताला लागली.

"ही कशाला घेतोस रे? ही उशीखाली ठेवायची असते."

तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मलाच कळत नाही. "आई, बंदर उशीखाली थोडीच येतो? बंदर तर गल्लीत येतो."

त्या दिवशी तो ती घेऊनच शाळेत गेला.

यांना सांगितलं. हे रामघाटावर वेदशाळेत मुलांना शिकवतात, सकाळी पंचगंगा घाटावर यजमानांची कामं करतात, घरी येतात तेव्हा घसा बसलेला असतो, म्हणून भांडत नाहीत, हसतात. म्हणाले, "कंटाळेल आपोआप. माझ्यापण उशाशी होती, मुंज होईपर्यंत. जानवं आलं की लोखंड लागत नाही."

"उशाशी होती ना? खिशात होती का?"

"तेव्हा आम्हाला खिसे कुठे होते?" आणि हसले, जेवायला बसले.

मुंजीला अजून वेळ आहे. तोवर काय करायचं, ते कोणी सांगेना. मग मीच एकदा सुरी पिठाच्या डब्यात खोल दडवली. त्यानं रडून मागितली नाही, त्याचीच तर भीती वाटली. नुसता भिंतीला पाठ लावून बसला. शाळेची वेळ झाली, दप्तर अडकवून जिन्याच्या दारापर्यंत गेला, खाली गल्लीत बघितलं, आणि तिथेच उभ्याउभ्या चड्डीत शू केली. एवढा मोठा मुलगा. सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. "काय मिळवलंस? आईच झाली वैरीण." मी कोपरापर्यंत हात पिठात घातला, आणि मीच सुरी काढून पदराला पुसून त्याच्या हातात दिली. तो पांढरे हात बघून हसला. हसत शाळेत गेला.

नंतर संक्रांत आली, इथे खिचडी म्हणतात, सगळ्या गच्च्यांवर पतंग. दुपारी खालून हाक आली, "पंडिताइन! नीचे आवा! देखा तोहार लइका का कइलस!"

घाटाजवळ राहणाऱ्या नावाड्याची बायको, बघ तुझ्या पोरानं काय केलं म्हणून ओरडत होती. तिचा मुलगा आणि माझा एकाच वर्गात, दिवसभर बरोबर. मी अनवाणीच धावले. तिचा मुलगा पायऱ्यांवर उभा होता, अंगातली गंजी पोटापाशी फाटलेली, लांब, सरळ. कटलेल्या पतंगावरून भांडले होते, आणि माझ्या मुलानं सुरी काढली होती. मी त्या पोराची गंजी वर केली, पोट चाचपलं, बेंबीपासून बरगडीपर्यंत, पुन्हा खाली. काही नव्हतं. ओरखडासुद्धा नाही. पण मला रक्त दिसतच राहिलं, अजून दिसतं.

माझा मुलगा बाजूला उभा राहून म्हणाला, "मारली नाही आई, फक्त दिखवली."

मी त्याला थोबाडीत दिली. मग तिच्यापुढे हात जोडले. म्हटलं, "तूपण मार त्याला. मार ना." मनापासून म्हटलं. मला वाटत होतं की कोणीतरी आता मोठा तमाशा करावा, तिच्या नवऱ्यानं येऊन यांना शिव्या द्याव्यात, घाटावर चार लोक जमावेत, म्हणजे यांचं हसणं थांबेल आणि ती सुरी एकदाची गंगेत जाईल.

संध्याकाळी तिचा नवरा आला खरा. खालूनच हसत ओरडला, "पंडितजी, आपका लड़का तो शेर निकला!" यांनी वरून काहीतरी उत्तर दिलं, दोघं हसले. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाच्या कमरेला दोरीनं बांधलेला चाकू होता, नावेची रस्सी कापायचा, माझ्या मुलाच्या सुरीच्या दीडपट. बापानं दिलेला. "अब दोनों बराबर," म्हणे.

आणि पोरं? पोरं त्याच दुपारी घाटावर बसून एक काकडी दोन्हीकडून कापून खात होती. भांडण कधीच विसरलेली. मी वरून बघत होते, पातं कोणाच्या बोटाला लागतं त्याची वाट बघत.

मी घाबरत घाबरत तिच्या घरी गेले. ती मासे साफ करत होती, मला बघून हात धुतले, बसायला पोतं दिलं. म्हटलं, "माझी हिंदी वाईट आहे, पण ऐक. आपण दोघी मिळून काढून घेऊ. एकाच दिवशी. तुझ्याचा पण, माझ्याची पण."

ती बघत राहिली. "पहिले तू निकाल."

"पहिले तू."

"ना बाबा." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "हम निकाल लें आउर तू ना निकाला, तब? हमार लइका खाली हाथ, तोहार के हाथ में छुरी? एक बेर त देख लेहली." एकदा तर बघितलंच आहे, म्हणे.

मला राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर मीपण हेच बोलले असते. मीपण मनात तेच तर म्हणत होते.

तरी ठरलं. गरमी लागली की पोरं घाटावर पोहायला उतरतात, चड्ड्या पायऱ्यांवर काढून ठेवतात. त्याच वेळेला दोघींनी उचलायचं, एकदम. एका दुपारी गेलो. दोन्ही चड्ड्या शेजारी शेजारी, एकीच्या खिशात माझ्याची सुरी, एकीवर तिच्याचा चाकू. पोरं पाण्यात, ओरडत. ती तिच्याच्या चड्डीजवळ बसली, मी माझ्याच्या. ती माझ्या हाताकडे बघत होती, मी तिच्या.

"उठाव," ती म्हणाली.

"तू उठाव."

"एक साथ."

"हो, एकदम."

कोणीच उचललं नाही. मी हात पुढे केला, थबकले, मग खिशावर ठेवला, आणि पातं कापडातून बाहेर आलेलं होतं ते माझ्या बोटात घुसलं. फार नाही. पण भळकन रक्त आलं, पायरीवर पडलं. ती पटकन स्वतःच्या पदराची चिंधी फाडायला लागली, मी तिला थांबवलं. मला वेगळंच दिसलं होतं. ह्या घाटाच्या पायऱ्या, एवढ्या उभ्या, शेवाळलेल्या, आणि तो रोज धावत उतरतो, धावत चढतो. कोणाला मारायचं सोडा. तो नुसता पडला तरी सुरी मांडीत जाईल. वर जाईल. पोटात जाईल. मी इतके दिवस दुसऱ्याच्या पोरासाठी घाबरत होते, माझ्या पोराच्याच मांडीला ती रोज टेकलेली होती.

घरी आले. पलंगाखाली प्रवासात गादी गुंडाळायचा जुना होल्डॉल होता, एका बाजूनं उंदरानं खाल्लेला. त्याचं जाड कापड कापलं, दुहेरी केलं, टोकाला तिहेरी, मोठी सुई घेतली आणि सुरीची खोळ शिवायला बसले. बोटाला चिंधी, दोन वेळा सुई मोडली. सासूबाईंनी दारातून बघितलं, म्हणाल्या, "आता कशी शहाणी झालीस." यांनी उचलून बघितली, म्हणाले, "वा, पक्की झालीय." मला कोणावर ओरडावं तेच कळेना. सुरी काढून घेता येत नव्हती म्हणून खोळ शिवली, तर घरात सगळे खूश.

सगळ्यात खूश तो. पट्ट्यात अडकवायला मी वरती फासापण केला होता. आरशापुढे उभा राहिला, फिरून बघितलं, माझ्या गळ्यात पडला. किती दिवसांनी असा गळ्यात पडला होता, काय सांगू. मी त्याला धरून ठेवलं. माझ्या पोटाला ती खोळ टोचत होती.

दोन दिवसांनी नावाड्याची बायको आली. कधी आमच्या घरात वर आली नव्हती, उंबऱ्याबाहेर उभी. चाकू कागदात गुंडाळलेला. "पंडिताइन, एकरो सी दा. काल्ह गिर गइल रहल सीढ़ी पर." तिचे डोळे सुजलेले. काल पोर पायरीवर पडलं होतं, ह्या चाकूलापण खोळ शिवून हवी होती. बसवलं, माप घेतलं, होल्डॉलचं राहिलेलं कापड पुरलं.

आज सकाळी ती परत आली, बरोबर मधल्या गल्लीतली एक बाई, आणि बाईच्या बोटाला धरलेला एवढासा मुलगा, शेंबूड गळतोय, दुधाचे दात. त्याच्या मुठीत साल काढायचा चाकू. ती बाई सांगायला लागली, सगळ्यांकडे आहे, हापण ऐकत नाही, रात्री घेऊनच झोपतो, काय करणार. मी म्हटलं, अगं हा तर पाच वर्षांचासुद्धा नसेल. ती म्हणाली, वो तो है.

मुलगा माझ्यापुढे आला. चाकू जमिनीवर ठेव म्हटलं तर ठेवला नाही, हातात धरूनच मापासाठी पुढे केला, पातं माझ्याकडे.

"आंटी," म्हणाला, "मेरा लाल रंग का बनाना."

त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी पातं दोन बोटांत हलकेच धरून बाजूला वळवलं, आणि शिवणाच्या डब्यात लाल दोरा आहे का ते बघायला लागले.