समूहगानातली एकटीची ओळ

स्पर्धा तोंडावर आली आणि शकुंतला तालमीला येईनाशी झाली.

पहिल्या दिवशी वाटलं, ताप असेल. दुसऱ्या दिवशी पुष्पाला विचारलं. दोघी सानगडीच्या, एकाच एसटीने यायच्या. पुष्पा चपलेच्या टोकाने फरशी घासत म्हणाली, “तिच्या बाबानं नाई म्हटलं जी मॅडम. कॉलेज चालू. गाणं बंद.”

मी म्हटलं, “काहून?” घरी मी ‘का’ म्हणायची, पण एव्हाना माझ्याही तोंडात ते बसलं होतं.

“का मालूम जी.”

मालूम सगळं होतं तिला. पण सांगणार नव्हती.

त्या वेळी मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात संगीत शिकवत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मूळची अमरावतीची. एम. ए. झाले, जाहिरात पाहिली, अर्ज केला, लागले. संस्थेने संगीत हा विषय नुकताच सुरू केला होता आणि तो नेमका कशासाठी सुरू केला हे संस्थेलाही नीट ठाऊक नव्हतं. मला एक खोली, एक पेटी, तबल्याची जोडी आणि कोपऱ्यात रचलेले जुने बाक दिले. बाक हलवायला शिपाई मागितला तर प्राचार्य म्हणाले, “आवाज घुमायला बरे असतात, मॅडम.” त्यांचा संगीताशी आलेला हा बहुधा एकमेव संबंध.

मी राहायला धानाच्या गिरणीमागे होते. घरमालकीण भली बाई, पण माझ्याशी बोलताना दारातच उभी राहायची. लग्न न झालेली, गाणं शिकवणारी, एकटी राहणारी. यातली एखादीच गोष्ट असती तर तिने चालवून घेतली असती. रविवारी दूधवाल्याशी काय बोलेन तेवढंच बोलणं. संध्याकाळी तंबोरा लावायचा, थोडं गायचं, की गिरणीचा पट्टा सुरू. मग तंबोऱ्यावर गवसणी घालून बसायचं. मी फार एकटी होते. आज हे लिहिताना वाटतं तेवढं ते तेव्हा साधं नव्हतं. रडायलाही कारण लागतं आणि कारण तर काहीच नव्हतं.

मुलींना व्यासपीठ मिळावं म्हणून मी समूहगान सुरू केलं, असं वार्षिक अंकात छापलंय. खरं कारण असं, की संध्याकाळी मला माणसांचा आवाज हवा होता.

मुलांचा एक वाद्यवृंदही जमवला होता. पेटी, तबला, बुलबुल तरंग, बासरी, ढोलकी. पोरं तयारीची होती. पण धान निघालं की इकडे नाटकांचा हंगाम लागतो. दिवाळी झाली आणि एकेक जण कुठल्या ना कुठल्या नाटकमंडळीबरोबर गावोगाव निघून गेला. उरला फक्त तबलावाला, कारण त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

मुली मात्र टिकल्या. पण त्यांना एकत्र गायला लावणं म्हणजे माझी परीक्षा. सगळ्या शेतकऱ्यांच्या घरातल्या. त्यांचं गाणं बांधीतलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं. रोवणीच्या वेळी एका टोकाच्या बायका एक ओळ म्हणतात, दुसऱ्या टोकाच्या पुढची उचलतात. त्यामुळे माझ्याही गाण्यात पहिली ओळ झाली की अर्ध्या मुली आपोआप गप्प. हात थांबवून विचारलं तर म्हणायच्या, “आता त्यायची पाळी आहे ना जी.” ही सवय मोडायला श्रावण गेला.

लोकांना वाटतं, आठ-दहा जणी एका वेळी ओरडल्या की समूहगान झालं. तसं नसतं. एक आवाज असा लागतो, जो हलत नाही. बाकीच्या नकळत त्याला टेकून गातात. आम्ही त्याला आधाराचा आवाज म्हणतो. श्वाससुद्धा आळीपाळीने चोरून घ्यायचा असतो, म्हणजे एकीचा तुटला तरी ऐकणाऱ्याला सूर सलग वाटतो. शकुंतला माझा आधाराचा आवाज होती. काळी चारच्या पट्टीत, म्हणजे चांगल्या चढ्या सुरात, ती ताठ उभी राहून गायची आणि गाताना तिच्या चेहऱ्यावर काहीही दिसत नसे. घरातला केर काढावा तसं गायची. गळा मात्र देवाने सढळ हाताने दिला होता.

आमच्या गाण्याची सुरुवातीची ओळ तिच्या एकटीची होती. ठेका नाही, पेटी नुसती धरलेली, आणि ती एकटी. मग सगळ्या जणी येणार. मी गाणंच त्या ओळीभोवती बांधलं होतं.

प्राचार्यांना सांगायला गेले.

“नंबर येईल ना, मॅडम?”

“शकुंतला आली तर येईल.”

“मग आणा तिला. अध्यक्षसाहेबांनी सरळ सांगितलंय. नागपुरात नंबर आला तर विषय चालू ठेवू. नाही तर जूनपासून गृहअर्थशास्त्र.”

गृहअर्थशास्त्र आलं की मी घरी. अमरावतीला भावाच्या घरी, वहिनीच्या स्वयंपाकघरात. म्हणून त्या रविवारी सानगडीची एसटी पकडली.

शकूचे वडील मारोतीभाऊ खळ्यावर होते. बैलांची पात धानावर फिरत होती. मला पाहून त्यांनी बैल थांबवले, डोक्याचं फडकं सोडून हात पुसले. उंच, सडपातळ माणूस. पन्नाशीचा असेल. चालण्यात एक वेगळाच डौल. मी मनाशी एक कडक, आडमुठा बाप घेऊन गेले होते, हा तसा दिसेना.

“बसा जी बाई. शकू, च्या मांड व.”

शकू आतून एकदा डोकावली आणि गेली.

मी माझं भाषण सुरू केलं. मुलींचं शिक्षण, कलागुण, कॉलेजचं नाव. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, मी दंडारीत होतो. मालूम आहे का तुमाले?”

दंडार म्हणजे इकडचं रात्रभर चालणारं नाचगाण्याचं नाटक. त्यात बायकांची कामं पुरुषच करायचे.

“मी बाई बनत होतो. चांगली धा-बारा वर्सं. लुगडं नेसून उभा राह्यलो का लोक शिट्ट्या मारत. काय काय बोलत, ते तुमच्यासमोर सांगता येत नाई. मी पुरुष आहो, सानगडीचा मारोती आहो, घरी बायको आहे, हे सारं त्यायले मालूम होतं. तरी बोलत. मंग माह्या पोरीले सोडतीन का जी?”

असं कुणी मला कधी सांगितलंच नव्हतं. स्टेजवर उभी राहिलेली बाई कशी पाहिली जाते, हे त्या गावात सगळ्यात नीट ठाऊक असलेला माणूस तो होता, आणि मी त्याला कलागुण समजावत होते.

“हे तसं नाही, मारोतीभाऊ. हॉलमध्ये असतं. दिवसा असतं.”

“लोक तेच ना जी?”

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

“एक सांगा. तुमच्या त्या गाण्यात पोरगी एकटी उभी राहीन का?”

“नाही. सगळ्या एका ओळीत.”

“एकटी गाईन का? तिच्या एकटीचा आवाज लोकायले आयकू येईन का?”

दारामागे शकू उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या नाहीत, म्हणजे ती हाताने धरून होती. मला त्या वेळी हो म्हणता येत नव्हतं आणि नाही म्हटलं तर माझं गाणं मोडत होतं.

“नाही,” मी म्हटलं. “समूहगानात कुणी एकटं नसतं.”

“शबूद?”

“शब्द.”

“मंग येईन. पन मी बी येतो नागपूरले.”

परतीच्या एसटीत माझंच वाक्य मला टोचत राहिलं. कुणी एकटं नसतं म्हणे. खोलीवर येऊन एका माणसाचा भात टाकला.

शकू दुसऱ्या दिवशी आली. मी तिला सांगितलं, पहिली ओळ आता सगळ्यांनी म्हणायची.

“मले म्हनायची होती जी ते ओळ,” ती म्हणाली. एवढंच. मग पदर खोचून जागेवर उभी राहिली.

प्राचार्य भडकले. “अहो, बापाला काय कळतंय? स्टेजवर चढल्यावर सांगा तिला म्हणायला.”

“मी शब्द दिलाय, सर.”

“शब्दावर विषय चालत नाहीत, मॅडम. अनुदानावर चालतात.”

“पुष्पाला देऊन पाहते,” मी म्हटलं. पाहिलं. पुष्पाचा आवाज वर चढताना फाटायचा. लताचा चढायचाच नाही. शेवटी सगळ्यांची मिळूनच ओळ करायची ठरली.

इथे धंद्यातली एक अडचण सांगते. ठेका असला की एकत्र सुरू करणं सोपं. तबला सांगतो, आता. पण त्या ओळीला ठेकाच नव्हता. मोकळ्या सुरात सगळ्यांनी एकाच क्षणी तोंड उघडायचं, एकाच क्षणी वळायचं. एक जरी पुढे-मागे झाली की बाजारात भाजीवाल्या ओरडल्यासारखं होतं. मी समोर हात करून दाखवणार तर स्पर्धेत शिक्षकाला स्टेजवर मनाई.

बरंच डोकं खाजवल्यावर युक्ती निघाली. मुलींनी हात पाठीमागे नेऊन एकमेकींचे धरायचे. शकू मधोमध. तिने दोन्हीकडचे हात दाबले की त्यांनी पुढचे दाबायचे. हात दाबला की सुरू, सोडला की वळण. समोरून काही दिसत नाही. पहिले काही दिवस हसण्यातच गेले. मग जमलं. मी डोळे मिटून ऐकायची तेव्हा कुठला आवाज कुणाचा हे मलाही सांगता येत नसे. त्या तालमीचे दिवस माझ्या त्या गावातले सगळ्यात बरे दिवस. घरी जायची घाई कुणालाच नसे, मला तर नाहीच.

नागपूरचा हॉल मोठा होता. मुली आधी पंख्यांकडे बघत राहिल्या. मारोतीभाऊ धुतलेलं धोतर, कोट घालून आले होते. मी त्यांना पुढे बसा म्हटलं. ते मधल्या एका रांगेत, कडेच्या खुर्चीत बसले. शिट्टी आली तर उठून स्टेजपर्यंत पोचता यावं म्हणून असेल.

मुली उभ्या राहिल्या. ओळीला ठेका नव्हता, म्हणून तबलावाल्यानेच पेटीचा सूर धरला. मी पडद्याआड होते, मला त्यांच्या पाठी दिसत होत्या आणि पाठीमागचे हात. शकूने बोटं दाबली, ते दाबणं दोन्ही टोकांना पळत गेलं आणि ओळ निघाली. स्वच्छ निघाली. आठ जणींचा एक आवाज. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

नंबर आला नाही.

परीक्षकांपैकी एक वयस्कर बाई मला मुद्दाम भेटल्या. म्हणाल्या, “सूर फार छान ठेवलेत. पण सुरुवातीला एक आवाज पुढे यायला हवा होता हो. गाणं तो मागत होतं.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

परत येताना एसटीत मुली दमून एकमेकींवर कलंडल्या होत्या. शकू खिडकीशी बसून बाहेर पाहत होती. मारोतीभाऊ माझ्या पलीकडच्या बाकावर. भंडाऱ्याच्या पुढे गेलो. मग मधेच म्हणाले, “बाई, ते सुरवातीचं शकूनं एकटीनं म्हनायले पाह्यजे होतं.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “मारोतीभाऊ, तुम्हीच तर...”

“हो जी. मीच.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मले का मालूम, लोक असे चूप बसून आयकते म्हून.”

इतकी वर्षं स्टेजवर उभा राहिलेला माणूस. त्याच्यासाठी कुणी कधी गप्प बसलं नव्हतं.

ते पुढे वाकून शकूला म्हणाले, “म्हन ना व आता. आमी आयकतो.”

शकूने मान वळवली नाही. “आता कायले, बाबा?”

गाडी थांबत थांबत गेली. मुली आपापल्या फाट्यावर उतरल्या. कुणाचा भाऊ सायकल घेऊन उभा, कुणाची आई. शेवटी उतरणारी मी. मला न्यायला कुणी नव्हतं आणि त्या संध्याकाळी ते मला फार लागलं. खोलीवर गेले. गिरणी बंद होती, गायला कुणाची अडचण नव्हती. तंबोऱ्याची गवसणी काढली आणि पुन्हा घातली.

जूनपासून कॉलेजात गृहअर्थशास्त्र सुरू झालं. संगीताच्या खोलीत शेगड्या आल्या, बाक तिथेच राहिले. शकूचं उन्हाळ्यात बपेऱ्याच्या बाजूला लग्न झालं. मला पत्रिका आली होती, मी गेले नाही. अमरावतीला वहिनीच्या स्वयंपाकघरात वर्षभर पोळ्या लाटल्या आणि मग एका मुलींच्या शाळेत लागले. तिथून निवृत्त झाले.

शाळेत समूहगान मी शेवटपर्यंत चालवलं. दर वर्षी कुणाचे ना कुणाचे वडील नाही म्हणत. मुख्याध्यापिका म्हणायच्या, घरी जाऊन समजवा. मी कधी गेले नाही. निरोप पाठवायची, अमुक दिवशी कार्यक्रम आहे, फक्त ऐकायला या. मुलगी स्टेजवर नसे तेव्हा. बाप येऊन गप्प ऐकणाऱ्या लोकांमध्ये बसायचा. बोलणं मी त्यानंतर करायची.