त्या अहवालावर नंदाताईची सही नाही

आज सकाळी नंदाताई गेली. दुपारी तिच्याबद्दलचं पहिलं खोटं पोस्ट झालं.

आमच्या जुन्या कंपनीने तिचा हसरा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, "आमच्या लाटांपासून वीज प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाच्या शिल्पकार."

त्या अहवालावर तिने सही केली नव्हती. नाही म्हणाली म्हणून तिला काढलं होतं.

मला माहीत आहे, कारण तिच्या जागी सही मी केली.

मी हे त्या पोस्टखाली लिहिलं. दहा मिनिटांत कमेंट डिलीट. म्हणून आता इथे लिहितेय.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नंदाताई घाटकोपरची, मूळ गाव मालवणजवळ. वडील गिरणी कामगार. ती समुद्रातल्या जीवांचं शास्त्र शिकली आणि साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसात माझी सीनियर होती.

पहिल्या दिवशी मी मॅडम म्हटलं तर म्हणाली, "मॅडम बिडम नको गो. ताई म्हण, आणि चहा सांग."

प्रोजेक्ट असा होता. मनोरीसमोर, किनाऱ्यापासून जवळच, लाटांच्या हालचालीवर वीज तयार करणारी यंत्रं बसवायची. त्याने समुद्राचं, माशांचं आणि तिथल्या माणसांचं काय होईल, ते आम्ही आधी तपासून लिहायचं.

लाटा सगळ्यात मोठ्या पावसाळ्यात. त्यामुळे क्लायंटला लाटांचा सर्व्हे जुलैत हवा होता.

आमचे साहेब म्हणाले, "त्याच फेरीत होड्या पण मोजून टाका."

मी किनाऱ्यावर उभी राहून मोजल्या. समुद्रात एकही होडी नव्हती. अहवालात वाक्य गेलं: प्रकल्पक्षेत्रात मासेमारी नगण्य.

ताईने ते वाचलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"स्नेहल, जुलैत मासेमारीला बंदी असते ना?"

"हो, पण साहेब म्हणाले..."

"साहेब म्हणाले म्हणून मासे ऐकतात का?"

मग थंडीत ती स्वतः गेली. सुट्टीच्या दिवशी, मार्व्याहून फेरीबोट पकडून. तिथे तिची लक्ष्मीमावशीशी ओळख झाली. मावशी मनोरीची कोळीण, घरची होडी. तिच्या नवऱ्याबरोबर ताई समुद्रात गेली आणि सगळं नकाशावर मांडून आली.

यंत्रांचे नांगर जिथे पडणार होते, बरोबर तिथेच कोळ्यांची जाळी बांधायचे खुंट होते. आजचे नाहीत, मावशीच्या सासऱ्यांच्याही आधीपासूनचे.

तिने अजून एक मुद्दा काढला. यंत्राने लाटेतला जोर काढून घेतला की मागचं पाणी मंद होतं. मंद पाण्यात वाळू बसते. ती खाडीच्या तोंडाशी बसली तर होड्या बाहेर कशा पडणार?

यावर आमच्या जाडजूड अहवालात एक ओळ नव्हती.

ती हे सगळं घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा मीही आत होते.

"नंदा, तू ग्रीन एनर्जीच्या विरोधात आहेस का?"

"मला ही वीज हवीये, सर. म्हणूनच नीट मोजूया म्हणते. एक सीझन द्या."

"क्लायंट थांबणार नाही."

"मग माझी सही पण नाही."

महिन्याभरात तिचं टेबल रिकामं झालं. फाइल माझ्याकडे आली. मी सही केली.

कारणं खूप सांगता येतील. खरं एकच. मी घाबरले.

नंतर मनोरीजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये जनसुनावणी झाली. प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायची सरकारी बैठक. मी स्टेजवर स्लाइड्स दाखवत होते. ताई समोर कोळणींमध्ये बसली होती, लक्ष्मीमावशीच्या शेजारी.

ती उभी राहिली. मला नावाने हाक मारली नाही.

"तुम्ही होड्या कुठल्या महिन्यात मोजल्या?"

मला शिकवलेलं वाक्य मी म्हटलं. "याचं उत्तर लेखी देण्यात येईल."

मावशी बसल्या जागेवरून बोलली. "लेखी कशाला, बाय? महिन्याचं नाव तर सांगायचंय."

हॉल हसला. मग सुनावणी घेणारे सरकारी अधिकारीच म्हणाले, "सांगा, कुठला महिना?"

मी साहेबांकडे बघितलं. ते मोबाइलमध्ये बघत होते.

"जुलै," मी म्हटलं.

पुढे कोणी हसलं नाही. पुन्हा सगळ्या ऋतूंमध्ये अभ्यास करा, वाळूचाही करा, असा आदेश निघाला. यंत्रं कुठे बसणार ते अजून ठरायचंय. निदान आता कोणीतरी नीट मोजतंय.

दुसऱ्या आठवड्यात मीही कंपनीबाहेर. त्या दिवशी ताईचा फोन आला. मला वाटलं, आता ऐकवणार.

"एक शब्द बोलायला किती वेळ लावलास गो," म्हणाली. मग विचारलं, "जेवलीस का?"

मला दुसरीकडे काम मिळालं. तिला नाही. या लाइनमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि तिच्याबद्दल एकच गोष्ट पसरवली गेली: "ती प्रॉब्लेम करते." समुद्राचा तळ वाचू शकणारी बाई शेवटची वर्षं दहावीच्या सायन्सच्या ट्यूशन घेत होती. त्या वर्षांत कंपनीतल्या एकानेही फोन केला नाही. आणि आज ती शिल्पकार.

असं करू नका यार. जिवंत असताना बाहेर काढलंत, मेल्यावर तरी तुमच्या बाजूला उभी करू नका.

संध्याकाळी स्मशानात ऑफिसमधलं कोणी नव्हतं. लक्ष्मीमावशी आली होती. फेरी, बस, मेट्रो करत मनोरीहून घाटकोपरला. कोपऱ्यात उभी राहिली. निघताना मला म्हणाली, "आमच्या घरी येऊन आमचं ऐकून घेणारी ती पहिलीच."

ताई, तू बरोबर होतीस. केबिनमध्ये तुझ्या बाजूला उभी राहून मी हे बोलायला हवं होतं. नाही बोलले.

नीट जा.