आईला न दिसणारं बटण

म्हसळ्याला घरी बसून मी वेबसाइट तपासायचं काम करते. आमच्या विहारातल्या वाचनालयासाठी हौसेनं एक छोटी साइट मीच बनवली. यादीतून पुस्तक निवडायचं, बटण दाबून राखून ठेवायचं. पहिली वाचक अर्थात आई, निवृत्त अंगणवाडी सेविका.

"बटण हाय कुठं?" तिनं विचारलं.

"खाली बघ ना."

"न्हाय दिसत. मलाच जमत नसंल."

तिचा चेहरा पडला. माझ्या फोनवर तर बटण ठळक दिसत होतं. मग कामावर वापरतो ती सेवा आठवली. दूर कुठंतरी शेकडो फोन मांडून ठेवलेले असतात, आपण इंटरनेटवरून त्यांवर आपली साइट उघडून बघतो. आईच्या फोनचं जुनं मॉडेलही त्यांत होतं.

अंदाजानं बटणाची जागा बदलली आणि तपासायला बसले, तर त्या दूरच्या फोनवर पान कोरं! दुरुस्त केलेली साइट अजून माझ्या लॅपटॉपवरच होती, आणि लॅपटॉप त्या फोनला जोडणारा प्रोग्राम चालू करायलाच मी विसरले होते. रोजचं काम, तरी विसरले. तो चालू केला, पान उघडलं, सगळ्या चाचण्या पास झाल्या. साइट इंटरनेटवर चढवून मी धावत स्वयंपाकघरात गेले.

आईनं पदराला हात पुसून फोन उघडला. "न्हाय गं."

तेव्हा कुठं मी तिचा फोन हातात घेतला. अक्षरं एवढी मोठी की ओळीत जेमतेम तीन शब्द मावत होते. बटण पार पडद्याबाहेर ढकललं गेलं होतं.

"अक्षरं कधी मोठी केलीस?"

"झालं की वरीस. बारीक दिसत न्हाय. तू कामात असतेस, तुला काय सांगायचं?"

एकाच घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी परत जोडणी केली, त्या दूरच्या फोनवरही अक्षरं तेवढीच मोठी केली. बटण गायब! चूक सापडली म्हणून मला आनंदच झाला. तासाभरात दुरुस्ती झाली आणि आईनं एक जाडजूड कादंबरी राखून ठेवली.

त्याच आठवड्यात तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नंबर बराच वाढला होता. नवा चष्मा घेऊन एसटीनं परतताना ती रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. पुढच्या सीटवरचे दोघे वळून बघत होते. मी तिला थांबवलं नाही.