निशाणी डावा अंगठा

“थांबा वकीलबाई. ह्ये चूक हाय,” मन्मथअप्पा म्हणाले.

बीड कोर्टाच्या आवारात ते माझ्या टेबलासमोर बसले होते. मी त्यांचं शपथपत्र वाचून दाखवत होते. अर्ध्या तासात ते दाखल करायचं होतं, त्यामुळे मला हे थांबणं अजिबात आवडलं नाही.

अप्पांचं पाली गावात किराणा दुकान. त्यांचे शेजारी किसनराव वारले. त्यांनी मृत्युपत्राने घर आणि अडीच एकर सुरेखाला दिलं होतं. सुरेखा त्यांच्या मेव्हणीची मुलगी, लहानपणापासून त्यांनीच सांभाळलेली. कायद्याने ती वारस नव्हती. पुतण्याची हरकत होती की मृत्युपत्रावरचा अंगठा चुलत्याचा नाहीच. सुरेखातर्फे आम्ही प्रोबेट मागितलं होतं, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. तो मिळाला नाही तर सुरेखाला घराबाहेर पडावं लागणार होतं.

मृत्युपत्रावर सहीऐवजी अंगठा असेल तर सगळा भार साक्षीदारावर येतो. मजकूर वाचून दाखवला, करणाऱ्याला तो समजला, आणि माझ्यादेखत त्याने अंगठा उठवला, हे त्याने शपथेवर सांगायचं. आमच्या दोन साक्षीदारांपैकी एक वारले होते. उरले अप्पा.

“काय चुकलं?”

“तुमी डावा अंगठा म्हनलात. उजवा हाय.”

“अप्पा, कागदात असंच लिहितात. निशाणी डावा अंगठा. मृत्युपत्रावरही तेच आहे.”

“लिव्हत असत्याल. पन किसनला डावा अंगठा व्हताच कुठं? कडबाकुट्टीच्या मशीनीत तुटलता की!”

मी पेन खाली ठेवलं. हे पुतण्याला ठाऊक असणारच. अप्पांनी शपथेवर ‘डावा’ म्हटलं की उलटतपासणीत त्यांना खोटं पाडायचं, हा समोरच्यांचा डाव. पण ‘उजवा’ म्हणावं तर आमचाच साक्षीदार आमच्याच कागदाविरुद्ध बोलणार.

“नुसतं ‘अंगठा’ लिहूया का?” मी विचारलं.

अप्पांनी शर्टावरूनच गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. “शपथ घ्यायची तर पुरी घेतो. अर्धी कशाला?”

मी ‘उजवा’ लिहिलं. डावा कसा तुटला तेही लिहिलं.

साक्षीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी विचारलंच. “कागद म्हणतो डावा, तुम्ही म्हणता उजवा. खोटं कोण?”

“कुनीच न्हाई. मी मजकूर दोनदा वाचून दाखीवला. पोरीचं नाव आलं तवा किसन म्हनला, परत वाच. मग त्यानं उजवा अंगठा उठीवला. त्याखालचं ‘डावा’ लिव्हणाऱ्यानं मागून लिव्हलं, सवयीनं.”

किसनरावांच्या जुन्या खरेदीखतावर उजव्या अंगठ्याचा ठसा होता. तज्ज्ञाने दोन्ही ठसे ताडून पाहिले. जुळले. सुरेखाला प्रोबेट मिळालं.

निकाल ऐकायला अप्पा दुकान बंद करून आले होते. त्यांचा मला केवढा अभिमान वाटला! इतका सरळ साक्षीदार वकिलीत मला पुन्हा मिळाला नाही. थोडा स्वतःचाही वाटतो. केस हातची जाईल असं वाटत होतं, तरी मी ‘उजवा’ लिहिलं.

पण खरं ते सांगते. तेव्हा मी शपथपत्रं कुणाला वाचून दाखवत नसे. बोट ठेवायचं आणि “इथे सही करा” म्हणायचं, अशी माझी पद्धत. त्या दिवशी वाचलं, कारण अप्पा चष्मा घरी विसरले होते. आता समोरचा एम.ए. असला तरी मी पूर्ण वाचून दाखवते. कंटाळतात बिचारे.