झांजवाल्याने पाहिलेली कंट्री सिंगर

रूथ साळवेचं गाणं रेडिओवर वाजायला लागल्यापासून तिला लहानपणी कडेवर घेतलेल्यांची संख्या इथे कॅनडात, कॅल्गरीत, झपाट्याने वाढते आहे. मी तिला कडेवर घेतलेलं नाही. तिचे वडील साळवे मास्तर आमच्या मराठी चर्चचा गायनसंघ चालवतात आणि मी, निवृत्त कारकून, त्यात झांज वाजवतो. झांजवाल्याला काम कमी, बघायला वेळ भरपूर. किस्से साठतात ते असे.

*

आमची उपासना रविवारी दुपारी, एका इंग्रजी चर्चच्या बेसमेंटमध्ये. संघाचे नियम मास्तरांचे. तालमीला दांडी मारली की रविवारी खुर्च्या मांडायच्या. गाणं झालं की टाळ्या नाहीत, फक्त "आमेन". रूथची जागा पहिल्या ओळीत, पेटीच्या शेजारी. शाळेच्या बसमध्ये कायम कंट्री, म्हणजे इकडची काउबॉय ढंगाची गाणी, लागलेली असायची, त्यामुळे ती भजनातही सूर खालून उचलून वर न्यायची.

"सूर सरळ लाव," मास्तर म्हणत.

"पप्पा, मींड तुम्हीच शिकवली."

"ही मींड नाही. हे घोड्यावर बसल्यासारखं वाटतं."

*

कॅल्गरी तेलावर चालणारं शहर. तेलाचे भाव पडले, ऑफिसं ओस पडली आणि बारही. त्यामुळे रूथसारख्या नवख्या मुलीलाही एका बारमध्ये गायला एक शुक्रवार मिळाला. मास्तरांनी निकाल दिला, "बारमध्ये गाणाऱ्याला संघात जागा नाही."

रूथने बार धरला, पण जागा गेल्याचं तिला फार लागलं. "काका, आय जस्ट वॉन्ट माय स्पॉट बॅक," ती मला पार्किंगमध्ये म्हणाली. डोळे पाणावलेले. मी ते थंडीवर ढकललं, म्हणजे दोघांची सोय झाली.

*

त्या शुक्रवारी मास्तर सोडून अख्खा संघ बारमध्ये गेला. मास्तरांच्या मिसेस, मार्थावहिनी, पर्समध्ये चकल्या घेऊन. रूथने गिटार छेडली आणि आम्ही सवयीने उभे राहिलो. आम्हाला पाहून बाकीचेही उभे राहिले. हॅट काढल्या. कोणीतरी गेलं असावं, असा त्यांचा समज. गाणं एका ट्रकबद्दल होतं.

गाणं संपलं. टाळी एकही नाही. आम्ही एका सुरात "आमेन" म्हणालो. मागच्या टेबलावरचा दाढीवालाही म्हणाला.

मालक रूथला म्हणाला, "माझ्याकडे इतक्या शांतपणे आजवर कोणी गाणं ऐकलेलं नाही. पुढच्या शुक्रवारीही ये. फक्त या लोकांना काहीतरी प्यायला सांग."

*

संघात पेटीशेजारची जागा मोकळीच होती. कॉलेजात शिकायला आलेली एक मुलगी तिथे उभी राहायला गेली, तर मास्तरांनी तिला बाजूला सरकवलं.

"तिथे नको. हवा खेळती राहू दे."

बेसमेंटला खिडकी नाही.

*

रूथचं गाणं रेडिओवर आलं त्या हिवाळ्यात मास्तर घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसायला जात आणि लवकर परतत नसत. वहिनी बघायला गेल्या. बर्फ जागच्या जागी, मास्तर गाडीत, रेडिओ चालू.

"इंजिन गरम करतोय."

"आणि बर्फ?"

"वितळेल."

कॅल्गरीत तो एप्रिलपर्यंत वितळत नाही.

गाण्यात एक जुना ट्रक आहे आणि मुलीशी न बोलणारा बाप आहे. साळव्यांकडे ट्रक नाही. जेवताना मास्तर एवढंच म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात श्वास चुकीच्या जागी घेते." कोण, ते वहिनींनी विचारलं नाही.

*

गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. त्या रविवारी रूथ बेसमेंटचा जिना उतरून खाली आली. आम्ही सगळे मास्तरांकडे बघत होतो. मास्तर पेटी पुसत होते.

"किती तालमी चुकवल्यास?"

"ऑल ऑफ देम, पप्पा."

"मग खुर्च्या मांड."

तिने मांडायला घेतल्या. तेवढ्यात पेपरचा एक बातमीदार आला. पोस्टरवरची हॅट डोक्यावर नसल्याने त्याने तिला ओळखलं नाही. रूथ साळवे कुठे भेटेल, असं त्याने तिलाच विचारलं.

"शी इज बिझी," रूथ म्हणाली आणि दोन खुर्च्या त्याच्या हातात दिल्या. त्याने निमूट मांडल्या.

खुर्च्या झाल्या तशी ती सर्वांच्या मागे, भिंतीला टेकून उभी राहिली. मास्तरांनी पेटीवर सूर धरला आणि मध्येच सोडला.

"मागे काय करतेस? इकडे ये, पेटीपाशी," ते म्हणाले. "इथे फार वारा लागतो."